आठवीनंतर मुलगी शाळेत का दिसत नाही?

२००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपर्यंतच्याच, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाची हमी देतो. नववीत नाव घालायचं की नाही, हे घरची परिस्थिती ठरवते.

जळगाव-धुळ्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला येतो. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून जितके हात तितके पैसे. आई सकाळीच शेतात गेली की पाणी, भाकरी आणि धाकटं भावंड थोरल्या मुलीच्या गळ्यात पडतं. थोरला मुलगा असेल तर तो बहुधा शाळेत जातो. साक्री, चाळीसगावकडची काही कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं? मग ती सोबत जाते, नाहीतर तिचं लग्न उरकलं जातं. चोपडा-शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून हायस्कूल लांब; आश्रमशाळा किंवा एसटी, एवढाच आधार.

आईवडील स्वतः शिकलेले असले, पगाराची मिळकत असली, तर मुलीला नववीत घालायचं की नाही हा प्रश्न सहसा उठतच नाही.

सरकारने मुलींची फी माफ केली, अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास दिला, मानव विकास कार्यक्रमातून सायकली दिल्या. पण बुडालेली मजुरी फीमाफीने भरून निघत नाही, आणि संध्याकाळची एसटी चुकली की दुसऱ्या दिवशी घरचे मुलीला पाठवायला कचरतात.