मुस्ल्युमोवोची नदी आणि आपला कांदा

चांदवडच्या बाजारात कांद्याविषयी पूर्वी दोनच प्रश्न असायचे. भाव काय निघाला, आणि चाळीत टिकेल का? आता तिसराही ऐकू येतो: "किरणं मारलेला कांदा अंगाला बाधतो का हो?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात रोज कांदा चिरला जातो, त्या घराला तो विचारण्याचा पुरता हक्क आहे.

आमच्या शेजारच्या निफाड तालुक्यात, लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केलं. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूतून निघणारे गॅमा किरण तिथे शेतमालावर सोडतात. कांद्याला ६० ते ९० ग्रे एवढी हलकी मात्रा पुरते. त्याने कोंब फुटायचा थांबतो. आंब्यातल्या किडीच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे लागतात. २००७ साली अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडलं, तेव्हा तो आंबा याच लासलगावातून किरण घेऊन गेला.

अशा मालात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. आपण कुरडया उन्हात वाळवतो, म्हणून काही डब्यात ऊन भरून राहत नाही. तसंच हे. किरण मालातून आरपार जातात; कोबाल्ट मालाला शिवतसुद्धा नाही. १० किलोग्रे मात्रेपर्यंत विकिरण केलेलं अन्न खाण्यास सुरक्षित आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेसह तीन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तज्ज्ञ समितीने १९८० सालीच दिला होता.

मग भीती निराधार म्हणायची का? तसं नाही. किरण लागणं वेगळं आणि किरणोत्सर्गी पदार्थच मातीत, पाण्यात, अन्नात मिसळणं वेगळं. हे दुसरं घडलं की काय होतं, हे समजण्यासाठी रशियातल्या एका गावाकडे पाहावं लागतं.

उरल पर्वताच्या पूर्वेला, चेल्याबिन्स्क प्रांतात, तेचा नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या काठी मुस्ल्युमोवो हे तातार लोकांचं गाव. नदीचं पाणी प्यायचं, गुरं तिच्यावर न्यायची, काठचं गवत कापायचं, असं आपल्याकडच्या कुठल्याही नदीकाठासारखं तिथलं जगणं. नदीच्या वरच्या अंगाला अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारा 'मायाक' हा कारखाना १९४८ साली सुरू झाला. १९४९ ते १९५६ या काळात त्याचं किरणोत्सर्गी सांडपाणी तेचात सोडलं गेलं. मुस्ल्युमोवो तिथून साधारण ७८ किलोमीटर खाली. सांडपाण्यातलं स्ट्रॉन्शियम शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं. ते दुधातून पोटात जातं आणि हाडांत मुक्काम ठोकतं. त्याचा जोर निम्मा व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात.

पुढे काठची अनेक गावं उठवली, नदीला काटेरी कुंपण घातलं, पाण्याकडे फिरकू नका म्हणून पहारे बसवले. पण का फिरकायचं नाही, हे लोकांना सांगितलं नाही. कारण ठाऊक नसलेली मनाई किती दिवस पाळली जाणार? गुरांना तहान लागते, मुलांना पोहायचं असतं. मुस्ल्युमोवो तर जागच्या जागीच राहिलं. त्या गावाच्या स्थलांतराचं काम सुरू झालं २००६ साली.

याच मायाकमध्ये २९ सप्टेंबर १९५७ रोजी, थंड ठेवण्याची यंत्रणा बिघडल्याने, अणुकचऱ्याची टाकी फुटली. दहा हजारांवर माणसांना घरंदारं सोडावी लागली. हा अपघात 'किश्तिम'च्या नावाने ओळखला जातो. तो घडला तिथलं खरं शहर नकाशावरच नव्हतं, म्हणून जवळच्या दुसऱ्या गावाचं नाव त्याला चिकटलं. झोरेस मेदवेदेव या परागंदा शास्त्रज्ञाने १९७६ साली पाश्चात्त्य जगात त्याचा उल्लेख केला, तेव्हा मोठमोठ्या अणुतज्ज्ञांनी ते उडवून लावलं. सोव्हिएत सरकारने कबुली दिली ती १९८९ साली, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

हे परदेशातलं झालं. पण २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं जुनं किरणयंत्र भंगारात गेलं आणि त्यातला कोबाल्ट-६० उघड्यावर आला. एका कामगाराचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. लासलगावात जो धातू जाड भिंतींआड राहून कांदा टिकवतो, त्याच जातीचा हा धातू. हाताळणाऱ्या माणसांना आपल्या हातात काय आहे, हेच माहीत नव्हतं.

म्हणून बाजारातल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं: कांदा खुशाल खा. मात्र प्रश्न विचारणं सोडू नका. केंद्रातला कोबाल्ट किती, त्याची तपासणी कोण करतं, जुना झाल्यावर तो जातो कुठे, हे ग्रामसभेत विचारावं आणि समजेल अशा मराठीत उत्तर मागावं. पिशवीवर विकिरणाची हिरवी खूण आहे का, हे गृहिणीने पाहावं. यात विज्ञानाला विरोध नाही. तेचाकाठच्या बायकांनी वर्षानुवर्षं त्या नदीवर धुणं धुतलं, त्यांना हा साधा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आपल्याला ती आहे.