बियाण्याची पिशवी आणि आपला कायदा

रोहिणी संपत आली, मृगाचे ढग दिसू लागले, की आपल्या भागातले शेतकरी बाजाराची वाट धरतात. कोणी परतूरला जातो, कोणी मंठ्याला, कोणी थेट जालन्याला. वाटूर फाट्यावर मोटारी थांबतात आणि टपावरून बियाण्याच्या पिशव्या उतरतात. कापूस, सोयाबीन, तूर, मूग. घरात पैसा थोडा असतो. कोणी सोसायटीचे कर्ज काढतो, कोणी सावकाराकडून उसने आणतो, कोणी घरातला डाग गहाण ठेवतो. त्या पैशाची पिशवी घरी येते.

पिशवीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. दाणा चांगला दिसतो, पण तो जिवंत आहे की मेलेला, हे नुसते पाहून कळत नाही. मातीत टाकल्यावर कळते. तोवर पैसा गेलेला असतो, पाऊसही पडून गेलेला असतो. दुबार पेरणी म्हणजे काय, ते आमच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणूनच सरकारने बियाण्याचा कायदा केला आहे. तो कायदा काय सांगतो आणि आपण त्याचा उपयोग कसा करावा, ते या पाठात आपण पाहू.

घरचे बी आणि विकतचे बी

पूर्वी बी विकत घेण्याची चाल फारशी नव्हती. सुगी आली की घरची म्हातारी माणसे शेतात फिरून ज्वारीची भरदार कणसे निवडत. बाया ती वाळवीत, बडवीत, राखेत घोळवीत आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात किंवा कणगीत ठेवीत. बी राखणे हे बाईमाणसाचे काम होते, आणि ते मोठ्या जबाबदारीचे काम होते.

मग संकरित बी आले. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण देशात आले. दोन वेगळ्या जातींचा संकर करून हे बी तयार करतात. त्याचे पीक जोमदार येते. पण त्यात एक गोष्ट आहे. संकरित पिकाचे दाणे पुढच्या वर्षी पेरले, तर पीक सारखे येत नाही. एक ताट उंच, एक बुटके, उतारा कमी. म्हणून संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे लागते.

त्याच १९६४ साली आपल्या जालन्यात श्री. बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स ही कंपनी काढली. तिलाच लोक महिको म्हणतात. पुढे जालन्यात बियाण्याचा मोठा धंदा उभा राहिला. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २००२ च्या मार्चमध्ये सरकारने बीटी कापसाच्या पहिल्या तीन वाणांना परवानगी दिली. ते वाणही याच कंपनीचे होते. बोंडअळीला मारणारा गुण बीटी कापसाच्या झाडातच घातलेला असतो.

सांगायचे काय, तर बी आता घरच्या कणगीतून दुकानात गेले. घरच्या बियाची खात्री घरची म्हातारी देत होती. दुकानातल्या बियाची खात्री कोण देणार? इथे कायदा येतो.

कायदा काय सांगतो?

बियाण्याचा कायदा १९६६ साली झाला. १९६९ पासून तो अमलात आला. त्यातली मुख्य गोष्ट सोपी आहे. सरकार ज्या पिकांची आणि वाणांची नावे जाहीर करते, त्यांचे बी ठरलेल्या प्रतीपेक्षा कमी असता कामा नये. शंभर दाणे पेरले तर किती उगवले पाहिजेत, ते ठरवून दिले आहे. सोयाबीनचे ७०, तुरीचे, मुगाचे आणि ज्वारीचे ७५, हरभऱ्याचे आणि गव्हाचे ८५. याला उगवणशक्ती म्हणतात.

१९८३ साली सरकारने आणखी एक हुकूम काढला. त्याप्रमाणे बी विकणाऱ्याला परवाना लागतो. दुकानात किती माल आहे आणि भाव काय आहे, याचा फलक त्याने लावला पाहिजे. गिऱ्हाइकाला पावती दिली पाहिजे. बियाणे निरीक्षक दुकानात जाऊन नमुना घेऊ शकतो. तो नमुना सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो. अशी एक प्रयोगशाळा परभणीला आहे.

कापसाच्या बाबतीत सरकारने भावही बांधून दिला. २०१६ साली बीटीच्या दुसऱ्या पिढीच्या पाकिटाचा जास्तीत जास्त भाव ८०० रुपये ठरला. २०२४ साली तो ८६४ रुपये होता. भाव दरसाल जाहीर होतो. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देण्याचे कारण नाही. ‘माल कमी आहे, वर पैसे पडतील’, असे कोणी म्हणाले तर कृषी अधिकाऱ्याला कळवावे.

चिठ्ठी वाचा

आता तुम्हाला अक्षर कळू लागले आहे. या विद्येचा पहिला उपयोग पिशवीवरची चिठ्ठी वाचण्यात करा. चिठ्ठीवर या गोष्टी पाहाव्या :

पिकाचे आणि वाणाचे नाव. लॉट नंबर, म्हणजे हे बी कोणत्या ढिगातले आहे त्याचा आकडा. उगवण शेकडा किती. बी कोणत्या तारखेला तपासले. कोणत्या तारखेपर्यंत पेरायला चालेल. वजन किती. बी कोणी तयार केले, त्याचे नाव आणि पत्ता.

चिठ्ठीचा रंगही बोलतो. निळी चिठ्ठी असेल तर ते प्रमाणित बी. म्हणजे सरकारी यंत्रणेच्या माणसांनी ते पीक शेतावर जाऊन पाहिलेले असते आणि बी तपासलेले असते. आपल्या राज्याची ही यंत्रणा अकोल्याला आहे. पांढरी चिठ्ठी असेल तर ते पायाभूत बी. त्यापासून प्रमाणित बी तयार करतात. फिकट हिरवी चिठ्ठी असेल तर ते ‘सत्यप्रत’ बी. त्याची हमी विकणारी कंपनी स्वतः देते. कायद्याने तेही चालते. पण हमी कोणाची आहे, ते आपल्याला ठाऊक असावे.

मुदत संपलेले बी घेऊ नये. फाटलेली, पुन्हा शिवलेली पिशवी घेऊ नये. सुटे बी तर मुळीच घेऊ नये.

एक गोष्ट घरच्या बायांनी विशेष ध्यानात ठेवावी. पुष्कळ बियांना कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेले असते. असे बी रंगीत दिसते आणि पिशवीवर विषाची खूण असते. उरलेले असे बी दळू नये, कोंबड्यांना टाकू नये, तेलाला देऊ नये. धुतले म्हणजे विष जाते, अशी समजूत करून घेऊ नका. ती रिकामी पिशवी धान्य ठेवायला वापरू नये. पोरांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

पावती म्हणजे आपला साक्षीदार

‘कशाला पावती? ओळखीचाच दुकानदार आहे.’ असे पुष्कळ जण म्हणतात. दुकानदार ओळखीचा असेल, पण बी त्याच्याही ओळखीचे नसते! पिशवीत काय आहे ते त्यालाही दिसत नाही. म्हणून पावती घ्यावीच. पावतीवर आपले नाव, वाणाचे नाव, लॉट नंबर, तारीख आणि किंमत लिहिलेली पाहिजे. लॉट नंबर पिशवीशी ताडून पाहावा. नसेल तर तिथेच मागून घ्यावा.

काही ठिकाणी तणनाशकाला दाद न देणारे कापसाचे बी चोरून विकतात. ‘खुरपणीचा खर्च वाचेल’, असे सांगतात. २०२५ पर्यंत तरी सरकारने अशा बियाला परवानगी दिलेली नव्हती. त्याला चिठ्ठी खरी नसते, पावती तर नसतेच. पीक गेले तर दाद कुठे मागणार? खुरपणीचे पैसे वाचवायला जाऊन सगळा हंगामच जुगारावर लावल्यासारखे होते.

पेरण्याआधी घरी तपासा

कायदा आहे म्हणून आपण डोळे मिटून बसू नये. उगवण तपासणे घरी जमते, आणि त्याला पैसा लागत नाही.

पिशवी शक्यतो खालच्या बाजूने उघडावी. म्हणजे वरची चिठ्ठी शाबूत राहते. वेगवेगळ्या ठिकाणचे मिळून १०० दाणे मोजून घ्यावेत. निवडून घेऊ नयेत, येतील तसे घ्यावेत. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळावा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वरून दुसरे ओले गोणपाट टाकून हलकी गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडावे. सोयाबीन असेल तर सातव्या दिवशी उघडून धडधाकट मोड मोजावेत.

७० किंवा जास्त मोड आले तर बी चांगले. एकरी ३० किलो पेरावे. ६० आले तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहून फार खाली आले तर ते बी पेरू नये. विकतचे असेल तर पेरण्याआधीच तक्रार करावी.

सोयाबीनचा दाणा नाजूक असतो. त्याची साल पातळ असते. पोती उंचावरून आदळली, एकावर एक फार रचली, तर आतला अंकुर मोडतो. काढणीच्या वेळी पाऊस लागला तरी उगवण घटते. २०१९ च्या सुगीत परतीच्या पावसाने सोयाबीन भिजले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यातून ‘बी उगवलेच नाही’ अशा तक्रारींचा पूर आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची आपणहून दखल घेतली होती. मात्र न उगवण्याचा दोष दर वेळी बियाचाच असतो असे नाही. पुरती ओल नसताना पेरले, तिफणीने खोल पेरले, तरीही बी कुजते. चांगला तीन-चार इंच पाऊस झाल्यावर, बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल न जाता पेरावे.

बी उगवले नाही तर

रडत बसू नये, आणि घाईने शेत मोडूही नये. शेत मोडले की पुरावा मोडला! आधी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाला पावतीची आणि चिठ्ठीची नक्कल जोडावी. अस्सल कागद आपल्याजवळ ठेवावेत. अर्ज मिळाल्याची सही-शिक्का घ्यावा. मग तालुक्याची तक्रार समिती शेतावर येते, पाहणी करते आणि पंचनामा करते. पंचनाम्यात काय लिहिले ते वाचून मगच सही करावी. वाचता येत असताना अंगठा कशाला?

आता एक स्पष्ट बोलावे लागेल. १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड लिहिलेला आहे. दुसऱ्यांदा गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याचे सगळे शेत पडीक राहिले, त्याला या दंडातून काय मिळणार? नवा कायदा करावा, असे पुष्कळ वर्षे बोलले गेले. २०२५ साली केंद्र सरकारने नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला.

मग भरपाई मागायची कुठे? त्याची वाट आहे ग्राहक आयोगाची. बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये सांगितले. तो दावा आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांचा होता. कंपनीचे म्हणणे असे की, बियाचा नमुना तपासलेला नाही. न्यायालयाने शेतकऱ्याची अडचण ओळखली. तो सगळे बी पेरून टाकतो. तपासायला नमुना कुठून राखून ठेवणार? तरीही आम्ही सांगू, मूठभर बी पिशवीत राहू द्यावे. ते असले तर आपली बाजू बळकट होते.

जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बियाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. एकाच लॉटचे बी गावात दहा जणांनी घेतले असेल, तर दहाही जणांनी अर्ज द्यावेत. एकट्याचा आवाज खाली राहतो, दहांचा ऐकू जातो.

घरचे बी राखण्याचा हक्क

काही जण भीती घालतात, ‘आता घरचे बी पेरता येत नाही, गुन्हा आहे.’ ही थाप आहे. २००१ साली शेतकऱ्यांच्या हक्काचा कायदा झाला. त्याप्रमाणे शेतकरी आपल्या शेतातले बी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याशी बदलू शकतो, विकूही शकतो. फक्त कंपनीचे नाव छापून विकता येत नाही.

सोयाबीनला याचा मोठा उपयोग आहे. ते संकरित नसते. एकदा प्रमाणित बी आणले की त्यापासून पुढे दोन-तीन वर्षे घरचे बी वापरता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस ७१ किंवा एमएयूएस १५८ यांसारखे वाण एकदा आणावेत. चांगला तुकडा बियासाठी राखावा, वेगळा काढावा, नीट वाळवावा आणि पोती जमिनीला टेकू न देता लाकडी फळीवर ठेवावीत. दरसाल पेरणीआधी उगवण मात्र तपासावी. पूर्वी कणगीपाशी बसून आजी जे करीत होती, तेच हे काम. आता तिच्या नातीला त्यात मोजणी आणि वाचन यांची जोड मिळाली आहे.

लक्षात ठेवा

पक्की पिशवी, पक्की पावती. चिठ्ठी वाचल्याशिवाय बी घेऊ नये. उगवण पाहिल्याशिवाय पेरू नये. पीक घरात येईपर्यंत पिशवी, चिठ्ठी, पावती आणि मूठभर बी जपून ठेवावे.

प्रश्न

१. निळ्या आणि हिरव्या चिठ्ठीत काय फरक आहे?
२. १०० दाण्यांपैकी ६० उगवले, तर सोयाबीन एकरी किती किलो पेराल?
३. तुमच्या घरी असलेल्या पिशवीवरचा लॉट नंबर आणि मुदतीची तारीख वहीत लिहून काढा. तो आकडा पावतीवर आहे का, ते पाहा.