डांबरावर कोळशाचाच उतारा!

कोळसा हवेशिवाय ५००-६०० अंश सेल्सिअसला तापवला की वायू, डांबर आणि अर्धकोक हा सच्छिद्र घन पदार्थ मिळतो. डांबरातला जड, चिकट भाग मात्र धुळीसकट पाइपात घट्ट बसतो. यावरची युक्ती मला भारी आवडते: डांबराची वाफ थंड व्हायच्या आतच तापलेल्या अर्धकोकच्या थरातून न्यायची. त्याच्या बारीक छिद्रांत, राखेतल्या कॅल्शियम आणि लोहाच्या मदतीनं, मोठे रेणू तुटतात. बेंझीन, टोल्युइन, नॅप्थलीनसारख्या हलक्या, कामाच्या पदार्थांचं प्रमाण वाढतं. अर्थात, एकूण डांबर घटतं, काही भागाचा वायू होतो. शिवाय कार्बन साचून छिद्रं बुजतात. याच कामासाठी वापरलेला निकेलचा महागडा उत्प्रेरक असा बुजला तर डोक्याला ताप; बुजलेला अर्धकोक मात्र सरळ इंधन म्हणून जाळता येतो. चीनमध्ये यावर बरंच संशोधन चालू आहे.