अभिसरण भट्टी, विद्युत्

विजेच्या तापक सळयांनी तापलेली हवा पंख्याने सतत खेळती ठेवून अन्नपदार्थ भाजण्याच्या बंदिस्त पेटीस विद्युत् अभिसरण भट्टी म्हणतात. घरगुती व्यवहारात तिला ‘ओव्हन’ व तिच्यातील पंख्याच्या योजनेस ‘कन्व्हेक्शन’ हेच शब्द रूढ आहेत. पंखा लावल्याने भट्टी अधिक तापते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. तापनियंत्रक १८०° से. वर ठेवला असता पंखा चालू असो वा बंद, आतील हवेचे सरासरी तापमान तेवढेच राहते. बदलते ती उष्णता पदार्थात शिरण्याची त्वरा. अशा भट्टीच्या वापराचे बहुतेक सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

तत्त्व : भट्टीत पदार्थाला उष्णता तीन मार्गांनी मिळते : तापलेल्या सळया व भिंती यांपासून प्रारणाने, हवेच्या अभिसरणाने आणि ज्या ताटावर पदार्थ ठेवलेला असतो त्याच्याकडून वहनाने. पंखा नसलेल्या भट्टीत निम्म्याहून अधिक वाटा प्रारणाचा असतो. हवा स्वतः उष्णतेची दुर्वाहक असून पदार्थाच्या पृष्ठभागालगत तिचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर साचतो. त्यास सीमास्तर म्हणतात. १८०° से. च्या भट्टीत क्षणभर हात घालता येतो, पण १००° से. च्या उकळत्या पाण्यात घालता येत नाही, याचे एक कारण हा थर होय. पंख्याचा झोत हा थर पातळ करतो, त्यामुळे हवेकडून मिळणारी उष्णता दुपटीहून अधिक वाढू शकते. प्रारण व वहन मात्र होते तसेच राहतात.

साध्या भट्टीसाठी दिलेले तापमान पंखा लावताना २०° ने कमी करावे, या प्रचलित नियमाचा उलगडा यावरून होतो. भाजल्या जाणाऱ्या पिठाच्या पृष्ठभागातून पाणी निघून जात असते, तोवर त्याचे तापमान १००° च्या आसपास अडकून राहते. भट्टी १८०° वर असेल, तर हवा व पदार्थ यांच्यातील फरक ८०° असतो. १६०° वर तो ६०° होतो. पंख्यामुळे एकूण उष्णता-संक्रमण एक-तृतीयांशाने वाढले, तर ६० अंशांचा फरक ८० अंशांचे काम करतो. तापमान कमी करावयाचे नसल्यास वेळ सु. एक-चतुर्थांशाने कमी करतात. दोन्ही गोष्टी एकदम करणे ही नेहमी घडणारी चूक असून तीमुळे पदार्थ वरून तयार दिसतो व आत कच्चा राहतो.

खेळत्या हवेचा दुसरा परिणाम म्हणजे पृष्ठभाग लवकर वाळतो. पाणी गेल्यावरच पृष्ठभागाचे तापमान १००° च्या पुढे चढते आणि सु. १४०° च्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्यातील विक्रिया वेगाने होऊन तांबूस रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल्वी कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णिलेली ही विक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

रचना व योजना : भारतात घरोघरी दिसणाऱ्या लहान भट्टीत वर व खाली तापक सळया, एक तापनियंत्रक व एक वेळदर्शक कळ असते. पंखा बहुधा बाजूच्या वा मागच्या भिंतीत असून त्याला स्वतःची सळई नसते. तो वरखालच्या सळयांची हवा केवळ ढवळतो. मोठ्या भट्ट्यांत पंख्याभोवती वर्तुळाकार तापक सळई असते व हवा तापूनच झोतात येते. कळीवरील चिन्हांत दोन आडव्या रेघा म्हणजे वरखालच्या सळया, रेघांमध्ये पंखा म्हणजे ढवळलेली हवा, वर्तुळातील पंखा म्हणजे तापक सळईसह पंखा आणि नागमोडी रेघ म्हणजे केवळ वरचे प्रारण. सूक्ष्मतरंग भट्टीत ‘कन्व्हेक्शन’ योजना असते, तिच्यात केवळ तप्त हवा वापरताना धातूचे भांडे चालते. सूक्ष्मतरंग व तप्त हवा या संयुक्त योजनेत मात्र उत्पादकाची तशी स्पष्ट सूचना असल्याखेरीज ते वापरू नये.

हवेला वाट असेल तरच पंख्याचा उपयोग. ताटे भिंतींना टेकलेली असली, भांड्यांचे काठ उंच असले वा भट्टी खच्चून भरली, तर झोत अडतो आणि पंखा असून नसल्यासारखा होतो. हलका बटर पेपर झोताने उडून पदार्थावर वा सळईवर पडतो, म्हणून त्यावर वजन लागते; सूचनापुस्तिकांना याचा अनेकदा विसर पडलेला दिसतो.

उपयोग : पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी रवा, मैदा, तूप व साखर घेऊन गावातील बेकरीतून नानकटाई व बिस्किटे भाजून आणण्याची पद्धत होती व काही ठिकाणी ती अजून आढळते. हेच काम घरी करताना पंख्याची योजना सर्वांत अधिक उपयोगी पडते. नानकटाई पातळ, कोरडी व सुटी असते. १५०° ते १६०° वर दोन ताटे एकाच वेळी ठेवता येतात, कारण हवा दोन्हींना जवळजवळ सारखीच लागते. तरीही निम्म्या वेळानंतर ताटांची अदलाबदल करणे श्रेयस्कर.

केकचे तसे नाही. झोताने केकचा पृष्ठभाग लवकर घट्ट होतो आणि आतील मिश्रण फुगू लागल्यावर तो तडकतो. म्हणून उंच केकसाठी पंखा बंद ठेवून वरखालच्या सळया वापराव्यात. वरून निखारे ठेवून भाजावयाचे पदार्थ ही आणखी वेगळी जात आहे. कोकणातील तवसाचे धोंडस झाकणावर व खाली निखारे ठेवून करीत. गोव्यातील बेबिंक एकावर एक थर ओतून, प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजून तयार होते. येथे हवे असते ते वरून येणारे प्रारण. विद्युत् भट्टीत ते केवळ वरच्या सळईने मिळते. पंखा लावल्यास थर तांबूस होण्याऐवजी कडेने वाळतो.

स्थानिक परिस्थिती : पाककृतींच्या पुस्तकांतील तापमाने व वेळा प्रायः २३० व्होल्टचा स्थिर वीजपुरवठा व समुद्रसपाटीजवळचा हवेचा दाब गृहीत धरतात. डोंगराळ तालुक्यांत, लांब वीजवाहिनीच्या टोकाला, यांतील पहिली गोष्ट नेहमी खरी नसते. सळईची शक्ती व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पुरवठा १९० व्होल्टपर्यंत घसरला, तर १,८०० वॉटची भट्टी सु. १,२३० वॉटच देते. भट्टी तापण्यास पुष्कळ अधिक वेळ लागतो, पंखाही मंदावतो आणि पुस्तकातील ‘दहा मिनिटे आधी तापवा’ ही सूचना निरर्थक ठरते. अशा वेळी भट्टीत स्वतंत्र तापमापक ठेवून त्यावर विसंबावे. घरगुती तापनियंत्रकात तसाही १०° ते २०° चा फरक असणे नवलाचे नाही. पुरवठा पूर्ण असताना हीच भट्टी सु. ७·८ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे ती ६ अँपिअरच्या साध्या खुंटीवर कधीही लावू नये. १६ अँपिअरची खुंटी आवश्यक आहे.

दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच मिळते. वेण्णा नदीच्या खोऱ्यातील मेढा येथून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास गेले, की उंची सु. १,३७० मी. होते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने सु. १५ टक्के कमी असून पाणी सु. ९५·५° से. ला उकळते. बेकिंग पावडरीपासून निघणारा वायू अधिक प्रसरण पावतो, पाणी लवकर निघून जाते आणि मेढ्यात नीट होणारा केक घाटमाथ्यावर भराभर फुगून मध्येच बसण्याचा संभव असतो. बेकिंग पावडर थोडी कमी व दूध थोडे अधिक घालणे, पंखा बंद ठेवणे आणि तापमान सु. १०° ने वाढविणे हे उपाय करतात. विरळ हवेत पंख्याचा परिणामही काहीसा कमी होतो, हे नानकटाई भाजताना ध्यानात ठेवावे.

याच परिसरातील स्ट्रॉबेरी (महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला) चकत्या करून वाळविण्यास खेळती हवा उपयुक्त आहे. त्यासाठी सु. ६०° तापमान व वाफ जाण्यापुरते किलकिले दार लागते. पुष्कळ घरगुती भट्ट्यांचा तापनियंत्रक मात्र १००° च्या खाली येत नाही; भट्टी विकत घेतानाच हे पाहावे.

व्यावसायिक भट्ट्या : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन यांनी विमानात गोठविलेले जेवण गरम करण्यासाठी पंख्याची लहान भट्टी तयार केली, पुढे हीच कल्पना बेकऱ्यांत व घरांत पोहोचली. मुंबईत तिला अलीकडे निकडीचे महत्त्व आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात शहरातील लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पावाची चव बदलेल, ही बेकरीवाल्यांची तक्रार केवळ भावनेची म्हणून बाजूला सारता येत नाही. विटांच्या भट्टीत तापलेली फरशी पावाला खालून वहनाने, घुमट वरून प्रारणाने उष्णता देतो आणि शेकडो पावांतून निघालेली वाफ आतच कोंडून राहते. ही वाफ सुरुवातीस कवच मऊ ठेवून पाव फुगू देते. पंख्याच्या भट्टीत ती झोताबरोबर उडून जाते. लादी पाव एकमेकांना चिकटून भाजले जात असल्यामुळे त्यांच्या बाजूंना हवा लागतच नाही. तेथे फरक थोडा पडतो. कडक कवचाच्या ब्रून पावात तो अधिक जाणवतो. यावर उपाय म्हणून पहिली काही मिनिटे पंखा बंद ठेवून भट्टीत वाफ सोडतात, पाव जाड तापलेल्या दगडी लादीवर ठेवतात व कवच धरू लागल्यावरच झोत सुरू करतात.