उत्तर न देणारा जाणता

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चीनमध्ये च्वांगत्सू नावाचा विचारवंत होऊन गेला. इतिहासकार स्मा छ्येन याच्या नोंदीनुसार तो ‘रोगणबाग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी एक किरकोळ अधिकारी होता आणि छू राज्याचे प्रधानपद चालून आले असता त्याने ते नाकारले. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेला ३३ प्रकरणांचा ग्रंथ ताओ, म्हणजे ‘मार्ग’, या विचाराचा एक आधारस्तंभ मानला जातो. सगळाच ग्रंथ त्याच्या हातचा नाही, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

या ग्रंथाच्या २२व्या प्रकरणात ‘ज्ञान’ हेच एक पात्र आहे. ते प्रवासाला निघते आणि भेटेल त्याला तीन प्रश्न विचारते: कसा विचार केला म्हणजे ताओ कळतो, कसे वागले म्हणजे त्यात स्थिरावता येते आणि कोणत्या वाटेने तो लाभतो? पहिला पुरुष काहीच बोलत नाही. उत्तर द्यायचे असते हेच त्याला ठाऊक नसते. दुसरा उत्साहाने सांगू लागतो आणि ऐन वेळी काय सांगायचे तेच विसरतो. तिसरा, पीत सम्राट, व्यवस्थित उत्तर देतो. मग तोच निवाडा करतो की पहिला खरा जाणता, दुसरा त्याच्या जवळपासचा, आणि बोलणारे आपण दोघे मात्र ताओपासून दूरच.

हे अज्ञानाचे कौतुक नव्हे. याच ग्रंथातील रथाची चाके घडविणारा सत्तरीचा कारागीर राजाला सांगतो की छिन्नीचा घाव किती सैल, किती घट्ट हे हाताला कळते, परंतु तोंडाने सांगता येत नाही; म्हणून मुलालाही शिकविता आले नाही. व्यापारी घराण्यांना हे परके वाटू नये. माल हाती घेताच प्रत ओळखणाऱ्या वडिलांना ती पारख वहीत कुठे उतरविता येते?

परंतु या विचाराची खरी कसोटी मृत्यूपाशी लागते. च्वांगत्सूची पत्नी वारली. त्याचा तर्कपटू मित्र हुई शी सांत्वनाला आला, तर हा पाय पसरून भांडे वाजवीत गात बसलेला! जिने संसार केला, मुले वाढविली, तिच्यासाठी न रडणे एक वेळ ठीक, पण गाणे? हुई शीचा संताप रास्तच म्हटला पाहिजे. च्वांगत्सूने सांगितले की आरंभी त्यालाही शोक झाला. नंतर त्याने मागे वळून पाहिले: एके काळी तिला देह नव्हता, प्राणही नव्हता, मग ते आले आणि आता गेले, जसे ऋतू येतात-जातात. ती का गेली, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. तो विचारणेच थांबविले.

तरीही हा माणूस कोरडा नव्हता. पुढे हुई शीही गेला. त्याच्या थडग्यावरून जाताना च्वांगत्सूने सोबत्यांना एका सुताराची गोष्ट सांगितली. मित्राच्या नाकावर बसलेला चुन्याचा पातळ थर हा सुतार कुऱ्हाडीच्या एका फटक्याने उडवीत असे आणि मित्र निश्चल उभा राही. राजाने तो प्रयोग पाहू इच्छिला, तेव्हा सुतार म्हणाला की एके काळी हे जमत असे खरे, पण समोर उभा राहणारा केव्हाच गेला. हुई शी गेल्यापासून आपलेही तसेच झाले आहे, बोलावे असे कोणी उरले नाही, एवढे सांगून च्वांगत्सू थांबला.