कुत्र्याचा संधिवात : झाडपाला करावा की डॉक्टरची गोळी द्यावी?

राखणीचं कुत्रं आठ-नऊ वर्षांचं झालं की सकाळी उठताना कण्हतं, मागचा पाय आखडून चालतं. ‘म्हातारं झालंय’ म्हणून आपण सोडून देतो. पण बऱ्याचदा तो संधिवात असतो. झिजलेला सांधा पुन्हा नवा होत नाही, दुखणं मात्र कमी करता येतं.

आधी तपासणी
लंगडणारं प्रत्येक कुत्रं संधिवाताचंच नसतं. गोचीड तापातही सांधे सुजतात आणि त्याचं औषध वेगळं असतं. त्यामुळे आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. लालबाग-परळला नातेवाईक असतील तर परळचं बाई साकरबाई जनावरांचं हॉस्पिटल त्यांना माहीत असेल. त्याच आवारात १८८६ पासून मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

डॉक्टरचं औषध
मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन ही कुत्र्याला चालणारी वेदनाशामकं. फरक लवकर पडतो. मात्र डोस वजनावर ठरतो आणि म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी-लिव्हर तपासावी लागते. उलटी झाली किंवा शेण काळं पडलं तर गोळी थांबवून डॉक्टरला फोन करा.

झाडपाला आणि इतर उपाय
सालईच्या डिंकाची, म्हणजे शल्लकीची, स्वित्झर्लंडमध्ये २९ कुत्र्यांवर चाचणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त कुत्र्यांना आराम पडला, पण औषध न दिलेला दुसरा गट तुलनेला नव्हता. माशाच्या तेलाचा पुरावा त्याहून बरा आहे. ॲक्युपंक्चरचा पुरावा कमी, होमिओपॅथीचा तर नाहीच म्हणा. हळदीच्या लेपाने नुकसान नाही, पण सांध्याच्या आतली झीज त्याने थांबत नाही. डाग देणं मात्र बंद करा. त्याने जखम होते, सांधा बरा होत नाही.

बिनपैशाचं औषध
अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास झाला. निम्म्यांना चौथा हिस्सा अन्न कमी दिलं. ती जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. म्हणून वजन आटोक्यात ठेवा, रोज थोडं-थोडं चालवा, ओल्या जमिनीऐवजी गोधडीवर झोपवा. पोहणं चांगलं, पण प्लास्टिकच्या शेततळ्यात सोडू नका. कडेवरून पाय घसरतो, कुत्र्याला वर येता येत नाही.

हे कधीच करू नका
घरातली माणसाची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने पोटात जखमा होतात, किडनी निकामी होते. पॅरासिटामॉलही जिवावर बेतू शकतं. गिधाडं मरायला लागली म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली, पण माणसांचं मेडिकलमध्ये आजही मिळतं.

थोडक्यात, आधी तपासणी, मग वजन, मग डॉक्टरची गोळी. शल्लकी किंवा माशाचं तेल द्यायचं तर डॉक्टरला विचारून, जोडीला द्या. दहा वर्षं आपली वस्ती राखणाऱ्या जिवाला एवढं तर करायलाच हवं.