मोटारीचे घोडे आणि आपले रस्ते: वेगवान गाडीचे मोल कसे करावे



चवथीला पेडणे-डिचोलीतली घरे भरतात, तशी अंगणे गाड्यांनीही भरतात. यंदा आरती झाल्यावर माझा भाचा मोबाईल घेऊन शेजारी बसला. तो बोटीवर नोकरीला आहे, आणि चार-पाच करारांची कमाई हाताशी आहे. त्याने दोन जुन्या पण चांगल्या राखलेल्या गाड्यांचे फोटो दाखवले. एक फोर्ड मस्टँग जीटी, दुसरी पोर्शे ७१८ केमन. "मामा, तुम्ही एवढी वर्षे गाड्यांचा सर्व्हे केला. यातली कुठली घेऊ?" त्याची आई आतून म्हणाली, "दादा, त्याला आधी विचार, घराचे छप्पर यंदा काढायचे ठरले होते ना?"

दोघांचेही प्रश्न खरे होते. मोटार विम्याच्या सर्व्हेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून भाच्याला जे सांगितले तेच इथे सविस्तर लिहितो, कारण असे प्रश्न आता अनेक सभासदांच्या घरी निघू लागले आहेत.

घोडे किती, आणि वजन किती

गाडी विकणारा पहिला आकडा सांगतो तो हॉर्सपॉवरचा. तो एकटा ऐकू नये, त्याला गाडीच्या वजनाने भागावे. दर टनाला किती घोडे पडतात, त्यावर गाडी किती चटकन वेग घेते हे ठरते.

आपल्या जवळच्या दोन उदाहरणांपासून सुरुवात करू. २०१५ साली फियाटने पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो बाजारात आणली. किंमत दिल्लीत शोरूमला ९ लाख ९५ हजार, ताकद १४५ हॉर्सपॉवर, वजन सुमारे बाराशे किलो. म्हणजे टनाला १२० घोडे. दुसरी डीसी अवंती. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने ती २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दाखवली आणि पुढे ३६ लाखांच्या आसपास विकली. तिचे रेनॉचे दोन लिटरचे टर्बो इंजिन २५० हॉर्सपॉवरचे, वजन दीड टनाहून थोडे अधिक. टनाला दीडशेच्या पुढे घोडे. किंमत साडेतीन पटीहून अधिक, पण टनामागची ताकद दीडपटही नाही. उरलेले पैसे रूपासाठी आणि दुर्मीळपणासाठी. त्यात गैर काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतो हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

आता भाच्याच्या दोन गाड्या. मस्टँग जीटी २०१६ साली भारतात ६५ लाखांना आली. पाच लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन, सुमारे ४०० हॉर्सपॉवर, वजन पावणेदोन टनांच्या आसपास. केमनचे इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, ३०० हॉर्सपॉवरचे, आणि वजन साडेतेराशे किलोच्या आसपास. दोन्हींचा भागाकार टनाला सव्वादोनशे घोड्यांच्या जवळपास येतो. कागदावर दोघी बहिणी, पण वळणावर दोघींचे स्वभाव फार वेगळे.

कावडीचे उदाहरण

कावड खांद्यावर घेतलेल्या माणसाला चटकन गिरकी घेता येत नाही. वजन दोन टोकांना असते, ते आधी फिरायला तयार नसते आणि एकदा फिरले की थांबायला तयार नसते. तेवढेच ओझे पाठीशी घट्ट बांधले तर तोच माणूस सहज वळतो.

मस्टँगचे जड इंजिन पुढे आहे. केमनचे इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या पोटात. अवंतीचीही रचना तशीच. त्यामुळे स्टिअरिंग फिरवताच केमन लगेच वळते, मस्टँगला नाक वळवायला क्षणभर जास्त लागतो. पोर्शेच्याच ९११ चे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते. वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागची बाजू बाहेर झोकण्याची तिची जुनी खोड प्रसिद्ध आहे. आजच्या ९११ मध्ये ती बरीच आवरली आहे, तरी वजन जिथे आहे तिथेच आहे.

ताकद कुठल्या चाकांना जाते हेही पाहावे. पुंटोची पुढची चाके ओढतात. वेग जास्त झाला तर ती वळणात सरळ जाऊ पाहते, चालकाला ते लगेच कळते आणि वेग कमी केला की गाडी सावरते. मस्टँग, केमन, अवंती यांची मागची चाके ढकलतात. ओल्या रस्त्यावर पाय जोरात पडला की शेपूट घसरते, आणि ती सावरायला सराव लागतो. मस्टँगमध्ये ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोड आहे. तो मदत करतो, पण घासलेल्या टायरला नवे करत नाही.

वळण घोडे मोजत नाही

भाच्याला मी वहीवर एक हिशोब करून दाखवला. ५० मीटर त्रिज्येचे वळण घ्या. अस्नोड्याहून डिचोलीकडे किंवा कोरगावहून हरमलकडे जाताना याहूनही आवळ वळणे भेटतील. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर अशा वळणावर सुमारे ७० च्या वेगापर्यंत टायर रस्ता धरून राहतात. तोच रस्ता ओला, वर लाल चिखलाचा थर असेल, तर पकड निम्मी होते आणि मर्यादा ५० वर येते. या हिशोबात फक्त टायरची पकड आणि वळणाची त्रिज्या येते, हॉर्सपॉवर कुठेच येत नाही. महिंद्रांच्या मालकीच्या कंपनीची पिनिनफरिना बॅटिस्टा १,९०० हॉर्सपॉवरची विजेवरची गाडी आहे. त्या ओल्या वळणावर सारखेच टायर धरले तर तिलाही तेवढीच मर्यादा.

ब्रेकचेही तसेच. ताशी ६० वेगात अडथळा दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी १७ मीटर जाते, मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १८. एकूण ३५ मीटर. वेग दुप्पट, म्हणजे १२० केला की ब्रेकचे अंतर चौपट होते आणि एकूण शंभर मीटरच्या पुढे जाते. ओल्या चिखलात तेच पावणेदोनशे मीटर. आणि केमनच्या मानाने मस्टँगच्या ब्रेकना थांबताना सव्वापटीहून जास्त उष्णता सोसावी लागते. सपाटीवर ते जाणवत नाही, पण चोर्ला घाट उतरताना सतत ब्रेक दाबत आलात तर केरीला पोहोचेपर्यंत पेडल मऊ लागू शकते. म्हणून घाटात खालचा गिअर ठेवावा.

आपला रस्ता कसा आहे

पत्रादेवीपासून धारगळपर्यंतचा हमरस्ता आणि मोपाच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता पाहून वेगवान गाडीची हौस होणे साहजिक आहे. पण केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटारींना चौपदरी रस्त्यावरही कमाल मर्यादा १०० आहे, गावातल्या आणि इतर रस्त्यांवर ७०. जिथे फलक त्याहून कमी सांगतो तिथे फलकच खरा. अबार्थ पुंटो ही मर्यादा सहज गाठते. पुढचे अडीचशे घोडे तबेल्यातच राहतात.

डिचोली तालुक्यात, पाळी-वेळगे भागात खनिजाच्या ट्रकांचा काळ आपण सर्वांनी पाहिला आहे. २०१८ साली बंद पडलेल्या खाणींपैकी डिचोलीचा ब्लॉक लिलावानंतर २०२४ साली पुन्हा सुरू झाला. ट्रकमागून सांडणारी बारीक माती आणि रस्त्यावरचे तेल पहिल्या पावसात एकत्र आले की साबणासारखा थर होतो. रुंद टायरची स्पोर्ट्स गाडी साचलेल्या पाण्यावर अरुंद टायरच्या साध्या गाडीपेक्षा लवकर तरंगते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

शिवाय गतिरोधक. नियमाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावातले बरेचसे उंच आणि टोकदार असतात. पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर जितके जास्त, तितके गाडीचे पोट घासण्याची शक्यता जास्त. मस्टँगचे हे अंतर २७२ सेंटीमीटर, केमनचे २४७. केमन ठेंगणी असली तरी इथे तिला थोडा फायदा आहे. तरीही दोन्ही गाड्या आमच्या घराच्या चढावावर तिरप्याच घालाव्या लागतील.

पैसा कुठे जातो

बाहेरून पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या गाडीवर आयातकर आणि अधिभार मिळून ११० टक्के पडतात, त्यावर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. बंदरात ५० लाखांना उतरलेली गाडी आयातकराने १ कोटी ५ लाखांची आणि जीएसटीने १ कोटी ४७ लाखांची होते. विक्रेत्याचा नफा, नोंदणी आणि विमा वेगळाच. म्हणजे दोन तृतीयांश रक्कम कराची. म्हणून अशी गाडी जुनी घेणारा एका अर्थी शहाणा, कारण पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

पण विम्याचे गणित समजून घ्यावे. पॉलिसीत गाडीची मान्य किंमत दुसऱ्या वर्षी २० टक्के, तिसऱ्या वर्षी ३०, आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घटवून धरतात. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्यात ठरते. सुट्या भागांची किंमत मात्र गाडीच्या वयाबरोबर उतरत नाही. जुन्या गाडीला मोठा अपघात झाला तर एका हेडलाईटची आणि बंपरची बिलेही डोळे पांढरे करतात. शिवाय पुराच्या पाण्यात गाडी सुरू करून इंजिनात पाणी गेले तर साध्या पॉलिसीत ती भरपाई मिळत नाही, इंजिनसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. डिचोली-सांखळीच्या बाजारात पाणी चढलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

सुट्या भागांची गोष्ट गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत इथे परदेशी गाड्या पुष्कळ आल्या. १९६१ नंतर त्यांचे भाग येणे आटले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या गाड्या मेस्त्रींच्या हुशारीवर चालल्या. फियाटने भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. पण आजच्या इलेक्ट्रॉनिक गाडीत मेस्त्रीची हुशारी एका हद्दीपर्यंतच चालते. अधिकृत वर्कशॉप गोव्यात आहे की गाडी ट्रकवर घालून पुण्या-बंगळूरला न्यायची, हे किमतीइतकेच महत्त्वाचे.

बयाणा देण्याआधी

भाच्याला मी पाच कामे सांगितली. चारही टायरवरची बनावटीची तारीख पाहा. गाडी उचलून पोटाखाली घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा पाहा. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती काढ. गाडी परराज्यातली असेल तर तिथली ना-हरकत आणि इथला रस्ताकर धरून किंमत ठरव, कारण बारा महिन्यांच्या आत इथे नोंदणी करावीच लागते. आणि शेवटचे, पावसात एक फेरी मार, तीही आईला शेजारी बसवून.

माझे मत विचाराल तर, दोन्हींत केमन आपल्या वळणांना जास्त मानवते आणि मस्टँग लांब सरळ रस्त्याला. पण ज्याने अजून मागच्या चाकांची ताकदवान गाडी चालवलीच नाही, त्याने आधी दोन पावसाळे अबार्थसारख्या हलक्या गाडीवर काढावेत. हात तयार होतो, आणि चुकी झाली तर ती परवडते.

भाचा पुन्हा बोटीवर गेला आहे. गाडीचा निर्णय पुढच्या सुट्टीवर टाकला आहे. छपराच्या कौलांची ऑर्डर मात्र जाण्याआधी देऊन गेला. कोणा सभासदाच्या घरी असा विचार चालू असेल, तर बयाणा देण्याआधी कागद घेऊन जरूर या. चहा घेता घेता वहीवर हिशोब मांडू.